परसांतील वाफा आणि अंगणांतील खाट

राजांचा इतिहास ताम्रपटांवर कोरलेला सांपडतो. गृहिणींचा इतिहास असा कोठें कोरलेला नसतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेंतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथेंच सांपडला. राजशेखरानें 'काव्यमीमांसे'मध्यें काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरींत. परंतु त्या विवाहाच्या पंक्तीला पापड होते कीं नव्हते, हें तो सांगत नाहीं. म्हणून घरच्या अन्नाचा इतिहास शोधावयाचा तर राजवाडा सोडून परसांत व अंगणांत उतरावें लागतें.

त्यासाठीं उत्तम काळ म्हणजे माघ-फाल्गुन. थंडी ओसरूं लागलेली असते, विहिरींना अजून पाणी असतें आणि ऊन दिवसेंदिवस कडक होत जातें. या संधिकालांत वऱ्हाडांतील काटकसरी घरांत दोन कामें बरोबरीनें चालत. मेथी, पालक, चुका यांचे हिंवाळी वाफे संपत आलेले असत. त्यांतील चार सशक्त रोपें खुडावयाचीं नाहींत, पुढील सालच्या बियाण्यासाठीं राखावयाचीं, हा पहिला नियम. रिकाम्या वाफ्यांत काकडी, दोडका, दुधी, कारलें यांच्या बिया टोचल्या जात. न्हाणीचें पाणी केळीला व अळवाला, आणि चुलींतील राख पानांवरील किडीला! परसांत वायां असें कांहीं नसेच.

शेतांत हरभरा उभा असे. त्याच्या पानांवरील आंबट दंव मिळविण्याची युक्ति विदर्भांत व मराठवाड्यांत जुन्या माणसांना ठाऊक होती. पहाटे स्वच्छ फडकें पिकावरून फिरवावयाचें, भिजलें कीं पिळून घ्यावयाचें. ही हरभऱ्याची 'आंब'. स्वयंपाकांत ती आंबटपणासाठीं व पोटदुखीवर घरगुती औषध म्हणून वापरीत. हरभऱ्याचा कोवळा पालाही खुडून सावलींत वाळवीत. भाजी महाग होई त्या दिवसांत तो उपयोगी पडे.

दुसरें काम वाळवणाचें. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना वाढण्यास पाणी लागतें. ऊन तें पाणी उडवून लावतें व मीठ तें ओढून घेतें. हें शास्त्र पुस्तकांत येण्यापूर्वींच तें हातांना अवगत होतें. कुरडयांचेंच पाहा. गहूं तीन दिवस भिजवावयाचे, पाणी रोज बदलावयाचें, वाटून चीक काढावयाचा. रात्रभर निवळल्यावर वरचें पाणी ओतून टाकून चीक शिजवावयाचा, आणि कोमट आहे तोंच सोऱ्यानें खाटेवरील धुतलेल्या धोतरावर घालावयाचा. राहिलेल्या चोथ्याच्याही वड्या होत. पापड लाटावयास आळींतील स्त्रिया आज हिच्या घरीं तर उद्यां तिच्या घरीं जमत. शेतांतील इर्जिकीचाच हा घरगुती अवतार! मजुरी नाहीं, केलेल्या कामाची फेड कामानेंच.

ही परंपरा जुनी खरी, पण ती गोठलेली नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' रचला. त्यांत मंडक म्हणजे मांडे आहेत, वटक म्हणजे वडे आहेत. पण मिरची नाहीं. तिखटपणा मिऱ्यांचा. मिरची अमेरिकेंतून आली, आणि ती या देशांत आणली पोर्तुगीजांनीं, सोळाव्या शतकांत. परसांतील पेरू, पपई, लाल भोपळा हेही मूळचे त्याच खंडांतील. ज्या ठेच्याशिवाय वऱ्हाडी माणसाला भाकरी गोड लागत नाहीं, तो अशा रीतीनें दर्यापारच्या पाहुण्यावर उभा आहे. काटकसरी गृहिणीनें परक्या बीजाला नांव विचारलें नाहीं. तें रुजतें कीं नाहीं, एवढेंच पाहिलें.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. रोख पैसा खेळूं लागला. पण पैसा चुलीवर शिजत नाहीं. १८९९ सालीं पाऊस फसला आणि वऱ्हाडावर भीषण दुष्काळ कोसळला. ज्या घरीं कणगी भरलेली होती, तेथें वाळवणाच्या डब्यांनीं कांहीं दिवस निभावले असतील. परंतु वाळवण म्हणजे शिलकेची राखण. ज्या मजुराच्या घरीं शिल्लकच नाहीं, तेथें काय वाळवावयाचें? गरिबाला काटकसर शिकविणारे उपदेशक ही गोष्ट नेहमीं विसरत आले आहेत.

मिठाची कथाही अशीच. लोणच्याला, सांडग्याला, पापडाला मीठ हवेंच. आणि १८८८ सालीं त्यावरील कर मणामागें अडीच रुपये झाला होता. श्रीमंताच्या ताटांतील चिमूट व गरिबाच्या भाकरीवरील चिमूट सारखीच, म्हणून कराचा भार मात्र विषम. पूर्णेच्या खोऱ्यांत विहिरींचें पाणीच खारें आहे. १९३० सालीं दांडीचा हांक आला तेव्हां समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडानें रडगाणें गाइलें नाहीं. अकोल्याजवळील दहीहंडा येथें अशाच खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यांत आला. वाशीम त्या वेळीं अकोला जिल्ह्यांतच होतें. मिठावरील कर उठला तो १९४७ सालीं. त्यामागें स्वयंपाकघरांतील हा मूक हिशेबही होता, हें इतिहासकारांनीं विसरूं नये.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, शिधावाटप आलें, 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली, आणि परसबाग हा एकाएकीं राष्ट्रकार्याचा विषय झाला. आजीबाई जें पिढ्यान् पिढ्या करीत होत्या, तेंच आतां पत्रकांतून शिकविलें जाऊं लागलें! पुढें १९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ऐंशीं रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यांतून 'लिज्जत'चा प्रचंड गृहोद्योग उभा राहिला. बिनमोल समजल्या जाणाऱ्या श्रमाला बाजारांत मोल आहे, हें त्यांनीं सिद्ध केलें.

१९०५ सालीं मोडलेला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा अस्तित्वांत आला. आतां तेथील शेतांत सोयाबीनचें राज्य आहे, आणि पापड दुकानांतही मिळतो. दुकानाला दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या घरांतील स्त्रीला दिवसभर बाहेर काम आहे, तिच्या पाठीवर जुन्या उन्हाचें ओझें लादणें न्यायाचें नव्हे. परंतु दुकान बीं राखून ठेवीत नाहीं. राखेंत घोळून मडक्यांत ठेवलेलें दोडक्याचें घरचें बीं एका वर्षीं पेरावयाचें राहिलें, दुसऱ्या वर्षीं राहिलें, कीं त्याची उगवण मंदावते आणि तो वाण त्या घरापुरता संपतो. ताम्रपट पंधराशें वर्षें मातींत पडून राहिला तरी वाचतां आला. बियाण्याला तेवढी सवड नाहीं.