म्युलूझ, सेंट गालेन आणि भरतकामातील रंगविभागणी

यंत्रावरील भरतकामासाठी चित्र तयार करताना त्यातील रंग एकेक करून वेगळे काढावे लागतात, प्रत्येक रंगाने व्यापलेल्या जागेची स्वतंत्र आकृती आखावी लागते आणि या आकृत्या कोणत्या क्रमाने भरायच्या हेही ठरवावे लागते. या पूर्वतयारीला रंगविभागणी म्हणतात. आज हे काम संगणकाच्या पडद्यावर होत असल्यामुळे ते संगणकाबरोबरच आले असावे असा समज होतो. परंतु त्याचा माग काढू लागल्यास फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील म्युलूझ या गावापाशी पुन्हा पुन्हा यावे लागते, कारण ठशांची कापडछपाई, बहुरंगी शिळाछाप, भरतकामाचे यंत्र आणि भरतकामाचा क्रमांकित रंगीत दोरा या चारही गोष्टी त्या गावाशी निगडित आहेत.

भारतातून, विशेषतः कोरोमंडल किनाऱ्यावरून, जाणाऱ्या रंगीत सुती कापडाला सतराव्या शतकातील युरोपात इतकी मागणी होती की आपल्या रेशीम व लोकर उद्योगांच्या रक्षणासाठी फ्रान्सने 1686 मध्ये अशा कापडाच्या आयातीवर आणि छपाईवर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. म्युलूझ त्या काळी फ्रान्सचा भाग नव्हते, तर स्विस संघाशी मैत्रीचा करार असलेले स्वतंत्र नगरराज्य होते; त्यामुळे 1746 मध्ये तेथे छपाईचा कारखाना निघू शकला आणि 1798 मध्ये ते फ्रान्समध्ये सामील झाले तेव्हा या धंद्याचे मोठे केंद्र बनलेले होते. या छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र लाकडी ठसा लागे: आधी बाह्यरेषेचा ठसा उमटवीत, मग एकेका रंगाच्या ठशाने आतील जागा भरीत, आणि ठसे एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांत बारीक खिळे ठोकलेले असत. चित्रातील सर्व पाने एका ठशात आणि सर्व फुले दुसऱ्या ठशात जावीत अशा रीतीने चित्राकडे पाहण्याची सवय येथील आरेखकांच्या अनेक पिढ्यांना लागली, आणि रंगविभागणीचा खरा पाया हीच सवय होय.

याच गावच्या गोडफ्रुआ एंगेलमान याने 1837 मध्ये बहुरंगी शिळाछापाचे पेटंट घेतले. मूळ चित्राची रेषाकृती प्रत्येक दगडावर उतरवून त्या त्या दगडावर एकाच रंगाचा भाग चितारणे आणि मधल्या छटा ठिपक्यांच्या दाटी-विरळीने साधणे, हे या पद्धतीचे मर्म होते. मराठी वाचकाला तिचा परिचय आहे तो राजा रविवर्मा यांच्या छापखान्यामुळे. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला हललेल्या या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे अशाच अनेक दगडांवरून छापली जात, आणि घरोघरच्या हौशी स्त्रिया त्यांतील वस्त्रांवर व दागिन्यांवर जर व टिकल्या जडवीत, तेव्हा रंगानुसार वेगळ्या केलेल्या त्या जागाच त्यांच्या सुईला वाट दाखवीत.

भरतकामाच्या यंत्राचा उगम मात्र एंगेलमानच्या पेटंटाआधीचा आहे. म्युलूझच्याच जोझुआ हाइलमान याने 1828 च्या सुमारास जे यंत्र सिद्ध केले, त्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्यभागी नेढे असलेल्या अनेक सुया चिमट्यांच्या साह्याने उभ्या ताणलेल्या कापडातून आरपार जात-येत असत. चालक डाव्या हाताने पँटोग्राफचे, म्हणजे आकृती लहान-मोठी करणाऱ्या सांधेदार दांड्यांच्या चौकटीचे, टोक सहापट मोठ्या आराखड्यावरील एकेका टाक्यावर टेकवी, उजव्या हाताने दांडा फिरवी, पायांनी चिमटे उघडी-मिटवी, आणि कापडाची चौकट सहाव्या हिश्शाने सरकून सर्व सुया एकाच वेळी तोच टाका घालीत. येथे रंगाचा प्रश्न पैशाचा बनला. सुयांमध्ये मीटरभर लांबीचा दोरा असे, तो संपला की सर्व सुया पुन्हा ओवाव्या लागत, आणि हे यंत्र पुढे जेथे रुजले त्या स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात, सेंट गालेनच्या परिसरात, ओवण्याचे हे कंटाळवाणे काम बायका व मुले घरोघरी करीत. रंग बदलायचा म्हणजे हाच व्याप दोरा संपण्याआधीच पुन्हा मांडणे. म्हणून एका रंगाच्या सर्व जागा आधी उरकून मगच दुसरा रंग घेणे आणि चित्रातील जे रंग वगळता येतील ते निर्दयपणे वगळणे भाग पडे. सेंट गालेनच्या प्रसिद्ध मालात पांढऱ्यावर पांढऱ्या कामाला एवढे स्थान मिळाले, त्यात तत्कालीन अभिरुचीचा वाटा असला तरी या हिशेबाचाही वाटा होता असे मानण्यास जागा आहे.

इझाक ग्रोब्ली याने 1863 मध्ये शिवणयंत्राप्रमाणे अखंड दोरा वापरणारे शिफली यंत्र आणले आणि 1898 मध्ये त्याच्या मुलाने पँटोग्राफ चालवणाऱ्याच्या जागी छिद्रपट्टी, म्हणजे छिद्रांच्या खुणांनी यंत्राला टाके सांगणारी पट्टी, बसवली. 1910 च्या सुमारास भरतकाम हा स्वित्झर्लंडचा सर्वांत मोठा निर्यात-व्यवसाय होता.

कोणते रंग ठेवायचे आणि कोणते वगळायचे, या निवडीला शास्त्राचा आधार दिला तो रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेवरल याने. चित्रमय पडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगकामाचा प्रमुख असताना काळ्या दोऱ्याचा रंग फिका पडतो अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या, आणि तपासाअंती त्याला दिसले की दोष रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या दोऱ्यांमुळे काळा फिका भासतो. हे निष्कर्ष त्याने 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. रंग कमी करताना केवळ जवळची छटा शोधून भागत नाही, तिच्या शेजारी काय येणार आहे तेही पाहावे लागते, हा त्याचा धडा आजही तितकाच लागू आहे.

छायाचित्राच्या छपाईत चारच शाया एकमेकींवर पडून हजारो छटा भासवतात, कारण शाई पारदर्शक असते आणि ठिपका अतिसूक्ष्म. दोरा अपारदर्शक असतो, भरीव कामात टाक्यांच्या रांगांमधील अंतर साधारण 0.4 मिलिमीटर ठेवतात, आणि आजच्या यंत्राच्या एका शीर्षावर, म्हणजे सुया धरणाऱ्या भागावर, बहुधा 12 किंवा 15 सुयाच असतात. त्यामुळे येथील विभागणी छापखान्यापेक्षा ठशांच्या छपाईला अधिक जवळची राहिली. चित्रातील रंग कमी करण्याचे काम आज्ञावली क्षणात करते, परंतु दोन रंगांच्या सीमेवरच्या अस्पष्ट छटांना ती स्वतंत्र रंग समजून केसाएवढ्या पट्ट्या निर्माण करते, आणि त्या पट्ट्या शेजारच्या रंगात मिसळून टाकणे हे आरेखकाचे पहिले काम ठरते. टाका आपल्या दिशेने कापड ओढतो व भरलेली जागा आक्रसते, म्हणून शेजारच्या दोन जागा किंचित एकमेकींवर चढवाव्या लागतात. आणि ठशांच्या छपाईत सर्वांत आधी येणारी बाह्यरेषा येथे बहुधा सर्वांत शेवटी येते, कारण सांध्यांतील उणिवा तीच झाकते. सुरतेच्या साड्यांवरील काम असो वा गणवेशावरील शाळेचे बोधचिन्ह, ज्याला धंद्यात पंचिंग म्हणतात त्या आरेखनाची गुणवत्ता या तीन निर्णयांवरच जोखावी. यंत्राच्या दृष्टीने रंग म्हणजे केवळ एक थांबा असतो: जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या, ताजिमा यंत्रांच्या डीएसटी फाइलमध्ये टाके आणि रंगबदलाचे थांबे नोंदलेले असतात, प्रत्यक्ष रंग नोंदलेले नसतात, आणि म्हणून दोऱ्यांच्या क्रमांकांची यादी वेगळ्या कागदावर छापून यंत्रचालकाच्या हाती द्यावी लागते.