सौर छत अनुदान प्रणाली (चंद्रपूर–गडचिरोली)

घराच्या छतावर सौर ऊर्जासंच बसवू इच्छिणाऱ्या वीजग्राहकाचा अर्ज, वीज कंपनीची मंजुरी, संचाची तपासणी आणि अनुदान ही कामे एकत्र जोडणारी ऑनलाइन व्यवस्था. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे महावितरणच्या चंद्रपूर परिमंडळात येतात. तेथील घरगुती ग्राहकांना ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजने’चा लाभ या व्यवस्थेतून मिळतो.

पार्श्वभूमी : छतावरील सौरसंचांसाठीचे राष्ट्रीय पोर्टल जुलै २०२२ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे.

कार्यपद्धती : वीजबिलावरील ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करतात. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक अभ्यासाशिवाय मंजुरी मिळते. ग्राहक नोंदणीकृत पुरवठादार निवडतो. पॅनेल भारतीय बनावटीचेच लागतात. संच बसल्यावर नेट मीटर लागते, तपासणी होते आणि बँक खात्याचा तपशील भरल्यावर अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होते.

अनुदान : पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपये. एक किलोवॅटच्या संचाला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते आणि त्यातून महिन्याला १०० ते १२० युनिट वीज मिळते. राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजनेतून दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला एक किलोवॅटसाठी १७,५०० रुपयांची जोड दिली.

वनजिल्ह्यांतील अडचणी : चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा यांसारख्या शहरांत हे टप्पे मोबाइलवर पार पडू शकतात. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या दुर्गम तालुक्यांत रेंज हाच पहिला अडथळा ठरतो. वीजबिल मृत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर अर्जाआधी जोडणीचे नाव बदलावे लागते. कवेलूच्या छपराला पॅनेलचा भार पेलवेल का, हे जागेवर जाऊनच पाहावे लागते. वीज गेली की बॅटरी नसलेला, वाहिनीशी जोडलेला संचही सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत ही गोष्ट अर्जदाराला आधीच सांगायला हवी.

महत्त्व : चंद्रपुरात २,९२० मेगावॅट क्षमतेचे कोळशावरील महाऔष्णिक केंद्र आहे. खाणी, राख आणि धूर यांचा भार हा जिल्हा अनेक दशके सोसत आला. त्यामुळे स्वच्छ विजेच्या सवलतीवर येथील कुटुंबांचा हक्क विशेष ठरतो. पोर्टलने कचेरीच्या खेपा कमी केल्या. पण अर्ज भरून देणारे, माडिया व गोंडीत समजावून सांगणारे माणूस गावात नसेल, तर ज्यांना बिलाचा भार सर्वाधिक जाणवतो तीच घरे बाहेर राहतात. २०२४ मध्ये नोंदणीसाठी पोस्टमनची मदत घेतली गेली होती. ग्रामपंचायतीतील सेवा केंद्राने हेच काम कायम केले, तर या प्रणालीचा लाभ जंगलातल्या शेवटच्या वीजजोडणीपर्यंत पोहोचू शकेल.