वडीगोद्री ते जिद्दा: गाडी, मोटार की रेल?

अम्मीच्या उमऱ्याची तारीख ठरली आणि घरात वाद सुरू झाला. मुंबईच्या विमानतळापर्यंत जायचं कसं? धाकटा भाऊ म्हणाला, महामार्ग गावाला लागून आहे, रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसवलं की सकाळी मुंबई. माझ्या बायकोचं म्हणणं, जालन्याला जाऊन वंदे भारत पकडावी, अम्मीचे गुडघे रात्रभर बसून आखडतात. भाच्याने कार काढायची तयारी दाखवली, समृद्धीवरून सात तासांत पोहोचवतो म्हणाला. अम्मीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "और जिद्दा से आगे?" एजंटने बस दिली होती. पण तिच्या बहिणीने हरमैन रेल्वेचं इतकं वर्णन केलं होतं, की अम्मीला मक्केहून मदिनेला रेल्वेनेच जायचं होतं.

तेव्हा अब्बा उठले आणि पेटीतून एक कागद घेऊन आले. हा कागद मी लहानपणी पाहिलेला, पण कधी वाचला नव्हता. माझ्या दादीचे अब्बा आपल्या आईला घेऊन हजला गेले, त्या सफरीच्या हिशेबाचं ते एक पान. वर १३४७ फसली असं साल आहे. म्हणजे ऑक्टोबर १९३७ ते ऑक्टोबर १९३८. त्या वर्षी रमजान ईद डिसेंबर १९३७ च्या सुरुवातीला आली आणि हज फेब्रुवारी १९३८ मध्ये, तेव्हा ते ईद करून निघाले असणार. दादी तेव्हा सात वर्षांची होती. तिचं माहेर आणि सासर दोन्ही वडीगोद्रीच. ती शेवटपर्यंत हसून एक गोष्ट सांगायची: "हमारे अब्बा इतने कंजूस, के अम्मां को हज को बैलगाडी में ले गए." आमच्या घरात कुणी पैसे वाचवायला लागलं की आजही हे वाक्य येतं.

पानावर अक्षर उर्दू शिकस्ता आहे, ते मला लागलं. आकडे मात्र लागेनात. निजामाच्या राज्यात हिशेबाचे आकडे 'रकम' पद्धतीने लिहीत. ते आकडे नसून अरबी शब्दांची आखूड केलेली रूपं असतात, शिकल्याशिवाय वाचता येत नाहीत. मी बीएड केलं, वीस वर्षं उर्दू शिकवतोय, आणि पणजोबांच्या हातचा साधा खर्च मला वाचता येईना. शेवटी अंबडच्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडे गेलो, त्यांचे वडील पटवारी होते. त्यांनी भिंग घेतलं आणि तासाभरात पान सोडवलं.

पहिल्या तीन ओळी अशा: गाडी, मोटार, रेल. गाडीपुढे रक्कम नाही, कारण बैल घरचे. रेलपुढे रक्कम आहे. मोटारीपुढेही आहे, पण ती ओळ आडवी रेघ मारून खोडलेली.

या तीन ओळी समजायला त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर हवा. आज वडीगोद्री ते मुंबई हा एकाच राज्यातला प्रवास आहे. १९३७ साली तो दोन राज्यांमधला होता. अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात आणि औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मुंबई इंग्रजांची. संस्थानाचं नाणं वेगळं, त्याला हाली सिक्का म्हणत, आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात हाली दिले की साधारण सहा कलदार मिळत. सरहद्दीवर संस्थानाची जकात होती, तिचं नाव करोडगिरी. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. त्यामुळे हजला निघालेल्या माणसाची परदेशवारी जहाजावर सुरू होत नसे. रोटेगाव सोडून नगरसूलकडे गाडी गेली की निजामाची हद्द संपायची, आणि खिशातल्या पैशाची किंमत तिथेच सातवरून सहावर यायची.

मोगलांच्या काळात हे प्रश्न निराळे होते. तेव्हा दख्खनचे हाजी सुरतेला जात, त्या बंदराला 'मक्केचा दरवाजा' म्हणत. वाटेत लुटारूंची भीती, समुद्रात चाच्यांची. औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज हाजी घेऊन परत येत असताना १६९५ साली इंग्रज चाच्याने लुटलं, हे इतिहासाच्या पुस्तकांतून बहुतेकांना माहीत आहे. आगबोटी आल्या, मुंबई मोठी झाली आणि सुरत मागे पडली. १८६५ साली रेल्वे थळ घाट चढून वर आली. १८८६ मध्ये तर इंग्रज सरकारने हाजींच्या प्रवासाचं काम थॉमस कुक कंपनीला देऊन पाहिलं. रेल्वे आणि जहाज यांची सोय एकाच ठिकाणी व्हावी हा हेतू. काही वर्षांत कंपनीने अंग काढून घेतलं, कारण त्यात फायदा नव्हता. गरीब हाजी आयुष्यभराची शिल्लक कमरेला बांधून निघतो, त्याच्याकडून कमिशन तरी किती सुटणार?

आपल्या भागात रेल्वे आली ती १९०० साली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादपर्यंत जाणारी गोदावरी खोऱ्याची लाईन. मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर. मनमाडला इंग्रजी रेल्वेचा मोठा रूळ. म्हणून मनमाडला उतरणं सक्तीचं. हाजीचं सामान म्हणजे काय, याची आज कल्पना येणार नाही. एके काळी जहाजाच्या डेकवर स्वतःचं शिजवून खावं लागे. तांदूळ, डाळ, लोणचं, भांडी, वळकटी, आणि तळाशी घडी करून ठेवलेलं कफन. हे सगळं एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यायचं, सोबत म्हातारी आई. जालना ते मनमाड पावणेदोनशे किलोमीटर, पुढे मुंबई अडीचशेच्या वर. आणि रेल्वे गाठण्याआधी वडीगोद्री ते जालना पन्नासेक किलोमीटर, अंबडवरून.

दुसरा रस्ता पैठणवरून होता. गोदावरी ओलांडली की शेवगाव, म्हणजे इंग्रजांचा नगर जिल्हा. नगरला रेल्वे होतीच. थंडीत गोदावरी उतरलेली असते. पण या वाटेने गाडीरस्त्याचं अंतर फार, आणि पानावर त्याचा उल्लेखही नाही.

आता मोटार. निजामाच्या सरकारने १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्याच हाताखाली सरकारी बससेवा सुरू केली होती, २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर. पण पानावरची मोटार सरकारी बस वाटत नाही. रक्कम मोठी आहे, अंबडच्या गृहस्थांच्या मते जालन्यापर्यंत पूर्ण मोटार ठरवण्याची. रेलपुढच्या रकमेपेक्षाही ती जास्त. पणजोबांनी भाव काढला होता, लिहिला होता, आणि मग खोडला. गाडी जुंपली. डिसेंबरच्या थंडीत, म्हाताऱ्या आईला घेऊन, वाटेत एक मुक्काम.

दादीची गोष्ट इथेच संपायची.

मुंबईत पुढे काय झालं ते पानावर एका शब्दात आहे: 'मुसाफिरखाना'. समोर लहान रक्कम. त्या काळच्या कुठल्याही हाजीचं मुंबईतलं काम म्हणजे वाट पाहणं. हज पास घ्या, देवी आणि कॉलऱ्याची लस टोचून घ्या, परतीच्या तिकिटाची सोय दाखवा, आणि जहाज लागेपर्यंत थांबा. जहाज ठरल्या दिवशी सुटेलच असं नसे. रेल्वेने कितीही वेळेवर आणून सोडलं तरी हे दिवस चुकत नसत. म्हणून लोक आधीच निघत, आणि म्हणूनच बैलगाडीला लागलेला जास्तीचा दिवस कुणाला फार खुपत नसावा.

जहाजाच्या बाबतीत मात्र ते नशीबवान ठरले. हाजींच्या वाहतुकीवर मुघल लाईनची पकड होती. १९३७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने त्यात उडी घेतली. वालचंद सोलापूरचे. त्यांच्या जहाजांची नावं 'अल मदिना' आणि 'अल हिंद'. दोन कंपन्यांमध्ये भाड्याची लढाई जुंपली आणि डेकचं तिकीट खूप खाली आलं. पणजोबा कोणत्या कंपनीच्या जहाजाने गेले ते पानावर नाही. 'जहाज' एवढंच लिहिलंय. पण घरून निघताना धरलेल्या अंदाजापेक्षा तिकिटाला कमी पैसे लागले, हे शेजारच्या दोन रकमांवरून दिसतं.

समुद्राबद्दल घरात एवढंच ऐकलं, की पणजोबांच्या आईला बोट अजिबात लागली नाही आणि पणजोबा चार दिवस उठले नाहीत. यलमलमच्या समोर जहाज आलं की भोंगा होई आणि पुरुष एहराम बांधत.

जिद्द्याला उतरलं की पुन्हा तोच प्रश्न, जो वडीगोद्रीत होता. रेल्वे इथे नव्हती. उस्मानी सुलतानाने दमास्कसहून मदिनेपर्यंत हिजाज रेल्वे आणली होती, १९०८ साली ती मदिनेला पोहोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून मोठा चंदा गेला. हैदराबादेत मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. पण ती मक्केपर्यंत कधी गेलीच नाही आणि पहिल्या महायुद्धात उखडली गेली. म्हणजे दख्खनच्या पैशाने बांधलेल्या रेल्वेचा दख्खनच्या समुद्रमार्गे जाणाऱ्या हाजीला उपयोग शून्य. १९३८ मध्ये उरले तीन पर्याय: उंट, लॉरी आणि मोटारकार. इब्न सौदच्या सरकारने प्रत्येकाचा दर ठरवून दिलेला असे. जिद्दा ते मक्का सत्तर-ऐंशी किलोमीटर, उंटाने दोन रात्रींची मजल. मदिना चारशेच्या पुढे, उंटाने दहा-बारा दिवस.

पान उलटल्यावर तिथे लिहिलंय: 'शुगदुफ, ता मक्का'. शुगदुफ म्हणजे उंटाच्या दोन बाजूंना बांधलेली डोलीसारखी बैठक, एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. आई आणि मुलगा, एकमेकांना तोलत. इथेही त्याने स्वस्ताचा मार्ग घेतला. आणि त्याखाली: 'मोटार, ता मदिना, दो नफर'.

समोरची रक्कम साऱ्या पानावर जहाजाच्या खालोखाल मोठी आहे. अंबडच्या गृहस्थांनी ती दोनदा वाचली. लॉरीने निम्म्याहून बऱ्याच कमी पैशात काम झालं असतं. पण लॉरीच्या फळीवर चारशे किलोमीटरची वाळू आणि दगड, सत्तरीच्या बाईला? उंटावर दहा दिवस? मी ती रक्कम आणि पहिल्या बाजूची खोडलेली रक्कम शेजारी ठेवून पाहिली. हाली-कलदारचा हिशेब लावला तर जालन्याच्या मोटारीचे पैसे त्यात सहज दिसतात, वर स्वस्त झालेल्या जहाजाची बचत.

त्यांनी निघतानाच हे ठरवलं होतं का? पानावरून ते सिद्ध होत नाही, आणि मी ओढूनताणून सिद्ध करणार नाही. कदाचित मोटारवाल्याने ऐन वेळी जास्त मागितले असतील. कदाचित खरंच पैसे द्यायचं जिवावर आलं असेल. पण बैलगाडीचा रस्ता ओळखीचा होता, बैल घरचे होते, अंबडला नातेवाईक होते, आई थकली तर थांबता येत होतं. मदिनेच्या रस्त्यावर यातलं काहीच नव्हतं. मला वाटतं, हा माणूस कंजूस नव्हता. दादीला एवढंच माहीत होतं जेवढं सात वर्षांच्या मुलीने वेशीपर्यंत पाहिलं. तिने धुरळा उडवत जाणारी गाडी पाहिली. मदिनेची मोटार तिने पाहिली नाही, आणि पणजोबांनी परत येऊन ती कुणाला सांगितली असेल असं दिसत नाही.

ती सरहद्द पुढे अकरा वर्षंही टिकली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान संपलं, मग करोडगिरी गेली, हाली सिक्का गेला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. जहाजंही थांबली. मुंबई-जिद्दा हजचं शेवटचं जहाज १९९५ चं, 'अकबरी'. एकाच जागी मात्र ती जुनी हद्द अजून जिवंत आहे, आणि ती मक्केत. निजामांनी तिथे आपल्या प्रजेसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यांना रुबात म्हणतात. तिथे मोफत राहायला आजही जुन्या संस्थानातल्या जिल्ह्यांचेच हाजी पात्र असतात, चिठ्ठी काढून. जालना, बीड, परभणीचा माणूस अर्ज करू शकतो. शेवगावचा नाही, जरी पैठणवरून नुसती नदी ओलांडली की त्याची हद्द लागते.

मी हे सगळं घरात वाचून दाखवलं. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या आईची गोष्ट होती ती. मग म्हणाले, "अम्मां को ये पन्ना पढ के सुनाना था." दादीला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

अम्मीचं ठरलं. मुंबईला ट्रॅव्हल्सने, दोन सीटा पुढच्या, कारण बस घराजवळून जाते आणि भाऊ सोबत आहे. वाचलेल्या पैशात एजंटकडून मक्का-मदिना रेल्वेचं तिकीट बदलून घेतलंय. ही नवी लाईन २०१८ साली सुरू झाली, साडेचारशे किलोमीटर, ताशी तीनशेचा वेग. अम्मीने फक्त एकच विचारलं, खिडकीची जागा मिळेल का.