लसीकरण आणि समाजाचें ऋण

देवीचा रोग आज पृथ्वीवरून नाहींसा झाला आहे. घटसर्पाचें नांवही तरुण आईबापांच्या कानांवर क्वचितच पडतें. हें यश लसीचें आहे, यांत संशय नाहीं. परंतु लस टोंचल्यानंतर ज्या घरांतील मूल आजारी पडलें आणि पुन्हां उठलें नाहीं, त्या घराकडे समाजानें कसें पाहावें? हा प्रश्न ब्रिटनमध्यें पन्नास वर्षांपूर्वीं मोठ्या तीव्रतेनें उभा राहिला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

लंडन येथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयांतील डॉक्टरांनीं १९७४ सालीं ३६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. डांग्या खोकल्याची लस टोंचल्यानंतर या मुलांना आकडी व मेंदूचे विकार जडले होते. एका गोष्टीमागून दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचें कारण ठरत नाहीं. परंतु भयाला तर्कशास्त्र कोठून ठाऊक असणार? वर्तमानपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें ही शंका घरोघर पोंचविली. पूर्वीं शंभरांतील सुमारें ऐंशीं मुलांना ही लस मिळत असे; तें प्रमाण थोड्याच वर्षांत तिसांच्या आसपास आलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९७७ ते १९७९ या काळांत डांग्या खोकल्याची मोठी साथ येऊन एक लाखाहून अधिक रोगी नोंदले गेले.

या वादळाच्या आधींच, १९७३ सालीं, रोझमेरी फॉक्स या मातेनें अशा पालकांची एक संघटना उभी केली होती. तिची मुलगी पोलिओची लस घेतल्यानंतर आजारी पडली होती. या पालकांचें म्हणणें साधें होतें. लस केवळ आपल्या मुलासाठीं टोंचावयाची नसते. शेजाऱ्याचें मूलही तिनें वांचतें. सर्वांच्या हितासाठीं सरकारनें जें करावयास सांगितलें, त्यांत एखाद्या घरावर संकट आलें, तर तो भार त्या घरानें एकट्यानेंच कां वाहावा? जॅक ॲशली या खासदारानें त्यांची बाजू पार्लमेंटांत लावून धरली. उलट पक्षीं अशी भीति होती, कीं पैसे दिले म्हणजे लस वाईट असल्याची कबुलीच दिल्यासारखें होईल.

लॉर्ड पिअर्सन यांच्या आयोगानें १९७८ सालच्या आपल्या अहवालांत पालकांचें तत्त्व मान्य केलें, आणि १९७९ सालीं कायदा झाला. लसीमुळें अतिशय अपंग झालेल्या व्यक्तीस १०,००० पौंड एकरकमी देण्याचें ठरलें. अट मात्र कडक होती: अपंगत्व ८० टक्के असलें पाहिजे. ही मर्यादा ६० टक्क्यांवर येण्यास २००२ साल उजाडावें लागलें. शिवाय इजा लसीमुळेंच झाली असण्याचा संभव अधिक आहे, हें दाखविण्याचें ओझें कुटुंबावरच राहिलें.

पुढें विज्ञानानें आपला निर्णय हळूहळू दिला. १९८८ सालीं लंडनच्या न्यायालयानें, डांग्या खोकल्याच्या लसीनें मुलांच्या मेंदूस कायमची इजा होते असें सिद्ध झालें नाहीं, असा निकाल दिला. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं, लसीमुळें मेंदू बिघडला असें समजलें गेलेल्या १४ रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकीं ११ जणांत आकडीस कारण होणारा एक आनुवंशिक दोष आढळला.

मग ते आईबाप खोटे होते काय? मुळींच नाहीं. कारणाविषयींची त्यांची समजूत पुष्कळ ठिकाणीं चुकली असेल. परंतु अंथरुणाला खिळलेलें मूल खरें होतें, आणि त्याच्या उशाशीं जागून काढलेल्या रात्रीही खऱ्या होत्या. कारणाचा शोध लागण्यास तीस वर्षें लागलीं. त्या मुलाला मात्र घांस भरविणारा हात त्याच दिवशीं हवा होता.

या इतिहासापासून मला एवढाच बोध दिसतो. दोष कोणाचा, हें विज्ञानानें सावकाश व निर्भयपणें ठरवावें. शंकेच्या आधारावर लसीला गुन्हेगार ठरवूं नये. परंतु दुःखिताला साह्य करण्यासाठीं त्या निकालाची वाट पाहूं नये. मूल आजारी पडतांच ज्याची तक्रार कोणीतरी आदरानें ऐकून घेतो, तो बाप दुसऱ्या मुलाला लस टोंचून घेण्यास सहसा कचरत नाहीं. ज्याला दारांतूनच परत लावलें जातें, तो मात्र आपलें भय साऱ्या गल्लीला वांटतो.