‘स्क्रीम ४’ आज बघितला तर?

आजची गोष्ट एका मोबाइलपासून सुरू करू. १९९६चा पहिला ‘स्क्रीम’ आठवतोय? बिली नावाच्या पोराच्या खिशातून मोबाइल खाली पडतो आणि तेवढ्यावरून त्याच्यावर संशय येतो. शेरीफ त्याला विचारतो, तुझ्याकडे मोबाइल कशाला? म्हणजे तेव्हा कॉलेजच्याही आधीच्या वयातल्या मुलाकडे फोन असणं हाच पुरावा! (पोलीस नंतर त्याला सोडतात. ते किती शहाणपणाचं होतं, ते पहिला भाग बघितलेल्यांना माहीत आहे.)

आता थेट २०११. चौथा भाग. दिग्दर्शक तोच, वेस क्रेव्हन. लेखकही पहिल्या भागाचाच, केव्हिन विल्यमसन. पहिल्या सिनेमाने जगभरात सुमारे १७ कोटी डॉलर कमावले होते, याने दहा कोटीही गाठले नाहीत. लोक म्हणाले, संपलं आता. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणालो होतो.

इथून पुढे स्पॉयलर आहेत. ज्यांना नको त्यांनी थांबा, बघून या.

माझा राग खुन्याच्या कारणावर होता. पहिल्या भागात आईवरून सूड होता, ते पटतं. चौथ्यात खुनी निघते जिल, म्हणजे नायिका सिडनीची मावसबहीण. आणि का मारते? तर प्रसिद्धीसाठी. सिडनी वाचली म्हणून जगाला माहीत झाली, मग मलाही ‘वाचलेली मुलगी’ व्हायचंय. मैत्रिणी, स्वतःची आई, सगळ्यांना संपवते. मला वाटलं, इतकं उथळ कारण? कोण करेल असं?

यंदा पुन्हा बघितला आणि तो प्रश्न विचारायची हिंमतच झाली नाही.

तारखा बघा. शूटिंग २०१०च्या उन्हाळ्यातलं. इन्स्टाग्राम आलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आणि त्यावर लाइव्ह यायला २०१६ उजाडलं. तरी या सिनेमात रॉबी नावाचा पोरगा डोक्याला कॅमेरा लावून शाळेतला अख्खा दिवस नेटवर दाखवत फिरतो. तेव्हा तो विनोदी पात्र वाटायचा. आज तो आपल्या वर्गातला कोणीही आहे. खुनीसुद्धा खून रेकॉर्ड करतायत, अपलोड करायला.

पण सगळ्यात भारी प्रसंग शेवटाकडे आहे. जिल एकटी उरते आणि स्वतःलाच जखमी करायला लागते. खांद्यात सुरी खुपसते, मेलेल्या मुलाच्या हाताने स्वतःचा चेहरा ओरबाडते, भिंतीवरच्या फोटोच्या काचेवर आदळते, काचेच्या टेबलावर मागे झोकून देते. मग हळूच सरकत सिडनीच्या शेजारी जाऊन, अगदी तिच्यासारखीच पडून राहते. फ्रेम नीट जमली पाहिजे ना! एमा रॉबर्ट्सने हे इतक्या मन लावून केलंय की हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. ट्रायपॉड लावून रडण्याचा व्हिडिओ चार वेळा घेणारं कोणी बघितलं असेल, तर हा प्रसंग जास्तच टोचेल.

सगळंच टिकलंय असं नाही हं. सगळ्या फ्रेमवर एक धुरकट चकाकी आहे, तिच्यामुळे भीती पातळ होते. गेल आणि ड्यूईच्या संसाराची कटकट कंटाळवाणी आहे. पात्रं इतकी की अर्धी मेली तरी आपल्याला फरक पडत नाही. अपवाद कर्बी, हेडन पॅनेटियरने तिच्यात जीव ओतलाय. २०२३च्या सहाव्या भागात तिला परत आणलं, ते उगाच नाही.

आणि एक अंदाज चुकला, तो मला सगळ्यात रंजक वाटतो. जिलला स्ट्रेचरवरून बाहेर आणतात तेव्हा तिच्याभोवती कोण असतं? टीव्हीचे पत्रकार. माइक, फ्लॅश, दांडगी गर्दी. प्रसिद्धी अजून त्यांच्याच हातात आहे, ती फक्त चेहरा पुरवतेय. पत्रकाराची गरजच उरणार नाही, हे २०११मध्ये क्रेव्हनलाही सुचलं नाही. हा त्याचा शेवटचा सिनेमा ठरला. २०१५मध्ये तो गेला.

तर माझं मत बदललंय: टिकतो. तिसऱ्यापेक्षा कितीतरी वर, पहिल्याच्या खालोखाल. आधी पहिला बघा, मग हवं तर सरळ चौथ्यावर या. आणि शेवटचे क्रेडिट सुरू होईपर्यंत उठू नका. आत हॉस्पिटलमध्ये जिल मेलेली असते आणि बाहेर पत्रकार तिला हिरो ठरवून लाइव्ह बोलतच असतात.