मद्रास बंदर आणि किनाऱ्याचे परिवर्तन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
समुद्रकिनारा ही भूमी व सागर यांच्यातील स्थिर सीमारेषा नसून वाळूच्या अखंड वहनाने टिकून राहणारी अवस्था होय. या वहनात मानवाने हस्तक्षेप केल्यास काय घडते, हे मद्रास (१९९६ पासून चेन्नई) बंदराच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी :
इंग्रजांनी १६३९ मध्ये मद्रास येथे जागा मिळविली, तेव्हा तेथे नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत आणि दोरीने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून माल व माणसे किनाऱ्यावर आणली जात. ही गैरसोय दूर करण्यासाठी १८७६ मध्ये समुद्रात भिंती घालून कृत्रिम बंदर उभारण्यास प्रारंभ झाला. नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळात या बांधकामाची मोठी हानी झाली. तथापि ते पुन्हा उभारण्यात आले.

वाळूचे वहन व त्याचे परिणाम :
कोरोमंडल किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी काळातील लाटा वाळू उत्तरेकडे, तर ईशान्य मोसमी काळातील लाटा दक्षिणेकडे नेतात. पहिला काळ दीर्घ असल्याने वर्षभरातील निव्वळ वहन उत्तरेकडे होते. बंदराच्या भिंतींनी हा मार्ग अडविला. दक्षिणेस वाळू साचून किनारा रुंदावत गेला. याच बाजूस गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८४ मध्ये फिरण्याचा रस्ता करवून त्यास ‘मरीना’ हे नाव दिले. उत्तरेस रोयापुरम येथे मात्र वाळूचा पुरवठा खुंटला व समुद्र आत सरकू लागला. तेथील मच्छीमारांना होड्या ओढण्याची व जाळी वाळविण्याची जागा आणि कालांतराने घरेही गमवावी लागली. दगडी बंधाऱ्यांमुळे त्यामागील जमीन बचावली. परंतु वाळूची तूट भरून न निघाल्याने धूप आणखी उत्तरेकडे सरकली.

निष्कर्ष :
मरीनाचा विस्तार हे शहराचे भूषण आणि रोयापुरमची धूप ही नैसर्गिक आपत्ती, असे वेगवेगळे मानल्यास दोहोंचे समान कारण दृष्टीआड होते. एका वस्तीला लाभलेली वाळू ही दुसऱ्या वस्तीच्या वाट्याची होती. सुमारे शंभर वर्षांनंतर, १९८० च्या दशकात, पाँडिचेरी येथे बंदराच्या भिंती उभारल्या गेल्या, तेव्हा उत्तरेकडील शहराचा वाळूचा किनारा अशाच रीतीने नाहीसा झाला. मद्रासचा अनुभव उपलब्ध असूनही ही पुनरावृत्ती टळली नाही. म्हणूनच किनाऱ्यावरील प्रकल्पाचा विचार करताना अभियांत्रिकीइतकेच त्या किनाऱ्याच्या इतिहासालाही महत्त्व देणे आवश्यक ठरते.