अंमल आणि औषध

मराठीत ‘अंमल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक सत्तेचा, दुसरा नशेचा. मारवाडात तर अफूलाच ‘अमल’ म्हणतात. नोकरीनिमित्त राजस्थानात राहिलेल्या वाचकांना तेथील कसुंब्याची प्रथा ठाऊक असेल. लग्न असो, दुखवटा असो वा भांडणाचा समेट, पाहुण्यास ओंजळीतून अमल पाजल्यावाचून तो प्रसंग पुरा होत नसे.

परंतु खेड्यातील अफू केवळ शिष्टाचाराची वस्तू नव्हती; ती औषधही होती. जेथे वैद्य पोहोचत नसे तेथे खोकला, जुलाब, सांधेदुखी या सर्वांवर तिचाच उतारा असे. आपल्याकडेही मुंबईच्या कामगार वस्त्यांत तान्ह्या मुलांना अफूच्या बाळगोळ्या देत असत. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगाने १८९५ च्या अहवालात या घरगुती उपयोगाचाच आधार घेऊन बंदीची मागणी नाकारली. त्या निर्णयात सरकारी महसुलाची चिंता होती, हे खरे. पण अफूने वैद्याची रिकामी जागा भरली होती, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली असे ठरले की अफूचा पुरवठा दरवर्षी एकदशांशाने घटवून दहा वर्षांत औषधाव्यतिरिक्त वापर संपवावा. १९५९ साली ती मुदत पुरी झाली. आम्हा कारकुनांना अशा हिशेबाचे मोल कळते. मात्र नोंदवहीतील आकडा उतरला म्हणून माणसाची नड उतरत नाही. दुकान बंद झाले. दवाखाना उघडला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न जोधपूरजवळच्या माणकलाव गावी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. नारायणसिंह माणकलाव यांनी तेथे अफूमुक्तीची शिबिरे भरविली. त्यांतील युक्ती साधी होती : रोग्याने शहरात जायचे नाही, डॉक्टरांनी गावात यायचे. अफू सुटताना अंग मोडून येते, जुलाब होतात, झोप उडते. असे काही दिवस ओळखीच्या माणसांत काढणे सुसह्य होते. शिवाय गावाच्या साक्षीने सोडलेले अमल पुन्हा पुढे करताना यजमानासही संकोच वाटतो.

यातच आमच्या मते सर्वांत मोठा धडा आहे. अफू दुखणे बरे करीत नाही, झाकते. ती सुटली की जुना खोकला, जुनी सांधेदुखी पुन्हा वर येते. त्या वेळी व्यसनाचा डॉक्टर एकीकडे आणि खोकल्याचा दुसरीकडे असेल, तर रोगी दोघांनाही सोडून अफूकडे परततो.

१९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने सरकारला उपचारकेंद्रे स्थापण्याचा अधिकार दिला. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अंमली पदार्थांशी निगडित विकार मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकासच काही उपचार मिळाला होता.

दूरच्या तालुक्यांत आरोग्यखात्याचे कागद हाताळणारे आमचे बांधव पुष्कळ आहेत. त्यांनी एवढे जरूर ध्यानी घ्यावे : व्यसनमुक्तीची खोली प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या बाहेर नव्हे, आतच असली पाहिजे. अफू वैद्याच्या जागी येऊन बसली होती. तिला उठवायचे तर त्या जागी वैद्यच बसला पाहिजे.